तात्पुरत्यांच्या गाद्या

रणगाड्यांच्या डेपोत पाच नंबरच्या शेडला पाठ लावून एक पत्र्याची खोली होती. तिच्यात एक शिलाई मशीन, एक लांब पाट, तीन कात्र्या, काथ्याचे गठ्ठे आणि तात्पुरते, एवढं सामान होतं.

तात्पुरते हे काही त्यांचं आडनाव नव्हे बरं का. खरं आडनाव होतं, चांगलं वजनदार होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. झालं असं, की नेमणुकीच्या पत्रावर सगळ्यात वर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पद तात्पुरते. मुदत तीन महिने.’ गेटवरच्या पहारेकऱ्यानं पहिल्या दिवशी ते पत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि आत वर्दी दिली, “तात्पुरते आलेत!” झालं, तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. पुढं लग्न झालं तर बायको तात्पुरतेवहिनी झाली. मुलगी शाळेत गेली तर तिच्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली, ‘तात्पुरते यांची मुलगी वर्गात फार बोलते.’ काय करणार? माणसानं जगाचं तोंड धरावं तरी किती ठिकाणी!

काम गाद्या शिवायचं. डेपोत बासष्ट रणगाडे होते आणि बासष्टांत ड्रायव्हरला बसायला लोखंडी तवा होता. तवाच म्हणायचा तो. त्यावर बोटभर जाडीचं रेक्झिन, ते पण फाटकं. दिवसभर त्यावर आदळून आदळून ड्रायव्हर लोक संध्याकाळी उतरत तेव्हा कंबर धरूनच चालत. शेवटी वरच्यांना दया आली. हुकूम निघाला, सगळ्या रणगाड्यांना नव्या सीटा बसवायच्या. सीटा तीन महिन्यांत येतील. तोवर ड्रायव्हरांची सोय म्हणून एक गादीवाला ठेवावा.

तो गादीवाला म्हणजे तात्पुरते. वय वर्षं सव्वीस, काडीसारखे किडकिडीत, गळ्यात टेप.

तीन महिने गेले, सीटा आल्या नाहीत. तात्पुरत्यांना तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. पुन्हा तीन महिने गेले. पुन्हा मुदतवाढ. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो, पण ते म्हणणाऱ्यानं फार घाई केली. तात्पुरत्यांच्या हातात आता सत्त्याण्णवावी मुदतवाढ होती. चोवीस वर्षं उलटून वर पाच महिने झाले होते.

या चोवीस वर्षांत त्या माणसानं काय गाद्या शिवल्या म्हणता! काथ्या, कापूस, जुनी घोंगडी, वर जाड कॅनव्हास. प्रत्येक ड्रायव्हरला आपल्या पाटावर बसवायचे, दोन्ही बाजूंनी वाकून बघायचे, “हं, उजवीकडे कलताय,” म्हणायचे आणि त्या मापाची गादी शिवायचे. कुणाला मागून उंच, कुणाला मध्ये खळगा. नऊ नंबरच्या रणगाड्याचा लंबू ड्रायव्हर इतका उंच की त्याला गादी म्हणजे नुसता पापुद्रा लागायचा, नाहीतर डोकं झाकणाला आपटायचं. तात्पुरत्यांना ड्रायव्हरांचे चेहरे लक्षात राहत नसत. समोरून कुणी नमस्कार केला की ते गोंधळत. पाठमोरा झाला की लगेच म्हणायचे, “अरे, चौतीस नंबर ना तू?”

गादी मात्र कागदोपत्री तात्पुरतीच. तीन महिने वापरायची आणि टाकून द्यायची वस्तू.

आता तुम्ही विचाराल, सीटांचं घोडं अडलं कुठं? अडलं कुठंच नाही हो, उलट ते घोडं पळत होतं, फक्त गोल गोल! सीटा खरेदी करायला एक समिती होती. दर चार वर्षांनी समितीचा अध्यक्ष बदलायचा आणि नवा अध्यक्ष आला की त्याला काहीतरी सुचायचंच. पहिल्या अध्यक्षांनी साधी सीट मागितली होती, स्प्रिंगा आणि वर फोम. किंमत एका बऱ्या सायकलीएवढी. दुसरे अध्यक्ष थंड मुलखातून बदलून आले, त्यांनी सीटेत हीटर घातला. तिसरे उष्ण मुलखातून आले, त्यांनी पंखा घातला. पण हीटर काढायला परवानगी वेगळी लागते, म्हणून तोही राहिला, आणि दोन्हींना बटण एकच! चौथे अध्यक्ष स्वतः पाठदुखीनं हैराण, त्यांनी पाठ दाबून देणारं थरथरतं यंत्र बसवायला सांगितलं. रणगाड्यात बसलेल्या माणसाला आणखी हलवायचं, ही अक्कल कुणाची असेल? पण अध्यक्षांपुढं बोलणार कोण? पाचव्यांच्या लक्षात आलं, की सीट आता चौऱ्याऐंशी किलोची झालीय आणि तिच्या वजनानं रणगाड्याचा तळ वाकतोय. मग सीटेसाठी तळ बदलायचं ठरलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. सायकलीची किंमत चढत चढत मोटारसायकलीवर गेली, तिथून मोटारीवर, आणि आता एका सीटेत दोन खोल्यांचं घर आलं असतं, गॅलरीसकट. अशा बासष्ट.

इकडं तात्पुरत्यांच्या घरी दर तीन महिन्यांनी तोच सीन.

“अहो, आल्या का सीटा?” वहिनी दारातच विचारायच्या.

“नाही गं.”

“बरं झालं बाई!” म्हणून त्या आत जायच्या.

शत्रूला वाटत नसेल एवढी धास्ती त्या घराला त्या सीटांची होती. आणि त्याला कारण होतं. पेन्शनला सलग पंचवीस वर्षं नोकरी लागते. पंचवीसला एक दिवस जरी कमी पडला, तरी हातात नारळ आणि चला घरी. घर तरी कुठलं? राहायची खोली डेपोची. नोकरी गेली की खोली गेली. मग वहिनींच्या भावाकडं जाऊन राहायचं. हा भाऊ माणूस वाईट नव्हता हो, पण लष्करी बँडमधून निवृत्त झालेला ट्रम्पेटवाला होता आणि पहाटे पाचला उठून अंगणात सराव करायचा. त्याच्याकडं दोन दिवस राहून आलं की तात्पुरत्यांना आठवडाभर शिलाई मशीनही मोठ्यानं बोलतंय असं वाटायचं.

सात महिने. फक्त सात महिने राहिले होते. वहिनींनी कॅलेंडरवर काट मारायला सुरुवात केली होती.

आणि नेमकी तेव्हाच सीट आली.

खरंच आली! एक नमुना सीट, लाकडी खोक्यात, ट्रकमधून. बाकीच्या एकसष्ट कारखान्यात तयार होऊन पडल्या होत्या. चाचणीत नमुना पास झाला की सगळ्या येणार. तात्पुरत्यांनी खोक्याकडं पाहिलं आणि गळ्यातला टेप काढून खिशात घातला.

त्यांना हेडक्लार्कबाईंनी बोलावून घेतलं. हेडक्लार्कबाई म्हणजे डेपोचा नियम चालता-बोलता. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला एक टाचणी जास्त दिली नव्हती. त्यांच्यापुढं कर्नलसाहेबसुद्धा सही करताना पेन दोनदा झटकून घ्यायचे. सीटांच्या फाईलचे अकरा खंड त्यांच्या टेबलामागं रचून ठेवले होते.

“बसा,” बाई म्हणाल्या. “चाचणी तीन आठवड्यांनी. चाचणीला तुम्ही बसायचंय.”

“मी? बाई, मी गादीवाला. रणगाडा लंबू चालवतो.”

बाईंनी पहिला खंड काढला, धूळ फुंकली आणि एक पान उघडून समोर धरलं. तात्पुरत्यांनी वाचलं आणि त्यांना चोवीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. पहिली समिती माप घ्यायला आली होती, आणि ड्रायव्हर सगळेच्या सगळे सरावाला गेलेले! अध्यक्षांनी इकडंतिकडं पाहिलं, तर हा गळ्यात टेप घातलेला किडकिडीत गादीवाला. “तू तर आहेस ना? टेप पण आहे. मोज मग स्वतःला!” तात्पुरत्यांनी पाटावर बसून स्वतःला मोजलं. बैठकीची रुंदी साडेचौदा इंच. तेच माप फाईलला लागलं. आणि पुढं मापावरून वाद नको म्हणून कुणा शहाण्यानं कलम घातलं होतं, की ज्याचं माप घेतलं तोच माणूस चाचणीला बसेल.

“म्हणजे सीटा साडेचौदा इंचाच्या केल्यात?” तात्पुरत्यांचा आवाज चिरकला. “अहो बाई, डेपोत साडेचौदा इंचाचं आहे कोण आता? मी स्वतः एकोणीस आहे!”

“माप बदलायचं तर फाईल पहिल्या पानापासून मंजूर करून घ्यावी लागते. अकरा खंड. कुठल्याच अध्यक्षांना ते झेपलं नाही.” बाईंनी खंड मिटला. “तुम्ही बसलात तर सीट पास, आणि तुमचं पद बंद. नाही बसलात तर नापास. या आता.”

तात्पुरते बाहेर आले ते जवळजवळ नाचतच. एकोणीस इंचाचा माणूस साडेचौदा इंचात बसणार कसा? देव आहे म्हणायचा! घरी जाऊन त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनींनी पदर खोचला.

“एकोणीसवर विसंबून चालणार नाही. वीस पाहिजेत,” त्या म्हणाल्या. “तीन आठवडे आहेत ना? मग मी बघते.”

आणि बघितलंच की त्यांनी! सकाळी सहा अंडी. डब्यात लोण्यात घोळवलेले बटाटे. संध्याकाळी दूध, साय, केळी, आणि वरून “एवढं ताटात टाकू नका हो, पेन्शनचं आहे ते.” तात्पुरते खात होते, ढेकर देत होते, पुन्हा खात होते. इतकी सेवा लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातही झाली नव्हती.

पण कंपनीवालेही काही दूधखुळे नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी डेपोच्या गेटवर एक माणूस उभा. कडक इस्त्री, हातात बुटांचा नवा जोड आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. सीट बनवणाऱ्या कंपनीचा माणूस.

“काका, गुड मॉर्निंग! हे बूट तुमचे. चला, पळू या!”

“मी का पळू? माझ्यामागं काय कुत्रं लागलंय?”

त्यानं हसतहसत कागद पुढं केला. हेडक्लार्कबाईंच्या सहीचा हुकूम होता, चाचणीच्या माणसाला मूळ मापात आणण्यासाठी कंपनीला सकाळी नऊ ते पाच त्याच्यावर प्रयत्न करायची परवानगी आहे. नियमात बसत होतं. बाईंचं काम म्हणजे काम!

झालं, सुरू झाला तमाशा. दिवसभर कंपनीचा माणूस तात्पुरत्यांना मैदानावर पळवी. दुपारी त्यांचा डबा काढून घेई आणि काकडीचे चार काप हातावर ठेवी. “काका, पोट आत! काका, श्वास बाहेर!” ड्रायव्हर लोक रणगाड्यांवर बसून टाळ्या वाजवत. पाच वाजले की धापा टाकत तात्पुरते घरी, आणि दारात वहिनी पातेलं घेऊन उभ्या.

“किती वाळवलं मेल्यानं!” म्हणायच्या आणि ताट वाढायच्या.

दर सोमवारी स्टोअरमधल्या माल तोलायच्या काट्यावर तात्पुरत्यांना उभं करत. तीन सोमवार गेले. काटा रेसभर हलला नाही. सरकारात काही हलत नाही म्हणून लोक ओरडतात, पण इथं दोन्ही बाजूंनी एवढे कष्ट घेऊन माणूस जिथल्या तिथं होता! तात्पुरत्यांना मात्र रात्रंदिवस एकच कळत नव्हतं, की पोटात दुखतंय ते भुकेनं का जेवणानं.

चाचणीचा दिवस उजाडला. नऊ नंबरच्या रणगाड्यात सीट बसवली होती. समितीचे सात जण खुर्च्या टाकून बसले होते, मधोमध अध्यक्ष. हे सहावे. ते येत्या आठवड्यात बदलून जाणार होते आणि जाण्याआधी त्यांना काहीतरी पास करायचंच होतं.

तात्पुरते झाकणातून आत उतरले. मागोमाग कंपनीचा माणूस वाकून बघत उभा. सीटेला दोन्ही बाजूंनी पोलादी पंख होते, ड्रायव्हर वळणावर कलंडू नये म्हणून. तात्पुरत्यांनी स्वतःला त्या पंखांवर टेकवलं. टेकवलं म्हणजे टेकलेच ते, आत एक इंच नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“बसले का?” अध्यक्षांनी खालून विचारलं.

“नाही बसत साहेब!” तात्पुरते आनंदानं ओरडले. “वर राहिलोय!”

कंपनीच्या माणसाचं हसू पहिल्यांदाच जरा हललं. पण तो कसला पक्का! त्यानं हात आत घातला आणि पाठ दाबायच्या यंत्राचं बटण दाबलं.

घर्रर्र! सीट थरथरायला लागली. धान्याचं माप भरताना दुकानदार दोन धपके देतो आणि वर आलेले दाणे खाली बसतात ना, अगदी तस्संच झालं. तात्पुरते इंच इंच खाली उतरायला लागले. त्यांनी झाकणाची कड धरली, देवाचं नाव घेतलं, पोट फुगवलं. कशाचा काही उपयोग झाला नाही. शेवटी ‘पॉक’ असा आवाज आला आणि ते तळाला पोचले.

“बसले!” कंपनीचा माणूस ओरडला.

“बसलात का?” अध्यक्ष.

तात्पुरते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. हाच त्यांचा घात. “बसलो साहेब,” ते कसेबसे म्हणाले, “पण…”

“‘पण’ला रकाना नाही,” अध्यक्ष म्हणाले आणि सही करून समितीसकट चहाला निघून गेले.

तात्पुरते मात्र उठू शकले नाहीत. बटण दाबलेलं तसंच अडकलं होतं. त्यात हीटर लागला, पंखा लागला, खालून भाजतंय, वरून गारठतंय आणि सगळा माणूस थरथरतोय. लंबू ड्रायव्हरनं काखेत हात घालून ओढलं, चौघांनी ओढलं, ग्रीस लावून ओढलं. दोन तास झाले तेव्हा लंबू पळत जाऊन तात्पुरत्यांचीच मोठी कात्री घेऊन आला आणि दोन खोल्यांच्या घराएवढ्या किमतीच्या त्या सीटेचं कव्हर फोमसकट टराटरा फाडून त्यानं माणूस मोकळा केला.

“ह्याच्यात आम्ही दिवसभर बसायचं?” लंबू सीटेकडं बघत म्हणाला. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

चार दिवसांत हुकूम आला. नव्या सीटा मंजूर. ‘जुन्या निरुपयोगी गाद्या सर्व ड्रायव्हरांनी सोमवारी जमा कराव्यात. गादी जमा झाल्याशिवाय नवी सीट बसवू नये. गाद्या मोजून नष्ट केल्या की गादीवाल्याचं पद बंद करावं.’

तात्पुरत्यांनी तो कागद घरी नेला. वहिनींनी दारात नेहमीचा प्रश्न विचारला नाही. चेहरा बघूनच त्या समजल्या. दोघं जेवायला बसली आणि त्या दिवशी ताटातलं कुणालाच गोड लागलं नाही.

“माझंच चुकलं,” तात्पुरते म्हणाले. “‘बसलो’ म्हणायला नको होतं.”

“बसला होतात ना? मग काय म्हणणार होतात?” वहिनींनी डोळे पुसले. “भाऊ काही आपल्याला टाकणार नाही.”

“तो नाही टाकणार गं. पण त्याचं ते ट्रम्पेट!” तात्पुरते हसायला गेले आणि मध्येच त्यांना रडू आलं. पन्नाशीच्या गादीवाल्याला कोण नवी नोकरी देणार? आणि खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही एक शब्द त्यांना टोचत होता. निरुपयोगी! चोवीस वर्षं एकेक टाका मोजून घातला, बोटांना घट्टे पडले, आणि शेवटी शब्द कुठला, तर निरुपयोगी. पहिल्या पानावर ‘तात्पुरते’ आणि शेवटच्या पानावर हा.

सोमवारी स्टोअरच्या खिडकीशी टेबल मांडलं. हेडक्लार्कबाई खुर्चीत, समोर गाद्यांची यादी. यादीत त्रेसष्ट गाद्या होत्या, बासष्ट ड्रायव्हरांच्या आणि एक अगदी सुरुवातीला शिवलेली नमुन्याची. बाजूला तात्पुरते उभे, जमा होणारी गादी हातात घेऊन ओळखायला. खिडकीबाहेर ड्रायव्हरांची रांग.

पहिला लंबू.

“गादी?” बाईंनी विचारलं.

“हरवली.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “एवढी मोठी वस्तू हरवली कशी?”

“वाऱ्यानं उडाली.”

“रणगाड्यातून?”

“झाकण उघडं होतं,” लंबू म्हणाला आणि बाजूला झाला.

दुसरा पुढं आला. त्याची गादी कुत्र्यानं नेली. तिसऱ्याची नदीत पडली. चौथ्यानं सांगितलं, की सासूबाई आल्या होत्या, त्या गेल्यापासून सापडत नाही. पाचव्याला काही सुचलंच नव्हतं, तो म्हणाला, “ह्या चौघांचं जे झालं, तेच माझं.”

तात्पुरते ऐकत होते आणि त्यांच्या डोक्यात तिडीक जात होती. दहाव्या ‘हरवली’ला त्यांचा तोल सुटला.

“लाज नाही वाटत?” ते खिडकीतून ओरडले. “रक्त आटवून शिवल्या मी त्या! रात्री स्वप्नातसुद्धा तुमची ढुंगणं मोजायचो रे मी! आणि तुम्ही कुत्र्याला दिल्या? नदीत टाकल्या? कुणी एकानं तरी जपून ठेवायची होती!”

सगळे ड्रायव्हर खाली मान घालून बुटांकडं बघायला लागले. एकदोघांचे खांदे हलत होते. लंबू खिडकीशी परत आला आणि हळूच म्हणाला, “ओरडताय काय एवढं? तुम्ही बसलात ना त्या सीटेत? कात्री मीच आणली होती. गादी दिली तर उद्यापासून मी त्यात जायचं, आणि तुम्ही ट्रम्पेट ऐकायला. कुणाला परवडणारे का हे?”

तात्पुरत्यांनी रांगेवरून नजर फिरवली. चेहरे त्यांना नेहमीप्रमाणं ओळखू येत नव्हते, आणि आता डोळे भरून आल्यामुळं तर कुणीच दिसत नव्हतं.

बाई मान वर न करता लिहीत होत्या. हरवली, हरवली, हरवली. एकाचीही गादी जमा झाली नाही. बासष्टावा माणूस गेला आणि बाईंनी पेन खाली ठेवलं. ड्रायव्हर बिचारे भाबडे, त्यांना काय कल्पना! बाईंच्या हातून आजवर टाचणी सुटली नव्हती, त्यांना बासष्ट गाद्यांचं खोटं पचणार होय?

“तात्पुरते,” बाई म्हणाल्या, “सरकारी वस्तू हरवली की चौकशी करावी लागते.”

“हो बाई.”

“प्रत्येक वस्तूची वेगळी. एका चौकशीला तीन महिने. एक संपल्याशिवाय दुसरी सुरू करता येत नाही. आणि चौकशी चालू असेपर्यंत, वस्तू ओळखणारा माणूस, म्हणजे गादीवाला, त्याला नोकरीवरून काढता येत नाही.” त्यांनी कागदाच्या कडेला हिशोब मांडला. “साडेपंधरा वर्षं लागतील. तुम्ही त्याआधीच साठीला निवृत्त व्हाल. मग उरलेल्या चौकश्यांसाठी दुसरा तात्पुरता माणूस नेमावा लागेल. ते तेव्हा बघू.”

“पण बाई,” तात्पुरते कसेबसे म्हणाले, “तुम्हाला… तुम्हाला खरंच वाटतं, हरवल्या म्हणून?”

“मला काय वाटतं, त्याला रकाना नाही.”

बाई चौकशीचे फॉर्म काढायला उठल्या, कपाटाकडं वळल्या, आणि तात्पुरत्यांची नजर त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. खुर्चीवर एक गादी होती. जुनी, कॅनव्हासची, चारी कोपऱ्यांना ठिगळं, पण टाका ओळखू येत होता. सव्वीस वर्षांच्या नवशिक्या पोरानं घातलेला, जरा वाकडा. काथ्या मधोमध इतका दबला होता, की वीस-बावीस वर्षं तरी त्यावर रोज कुणीतरी बसलं असणार.

“बाई, ही तर नमुन्याची…”

हेडक्लार्कबाई फॉर्मांचा गठ्ठा घेऊन वळल्या. क्षणभर त्यांनी तात्पुरत्यांकडं पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले.

“काय बघताय? पेन घ्या,” त्या म्हणाल्या. “त्रेसष्टावी पण हरवली. लिहा.”

आणि खुर्ची पुढं ओढून त्या तिच्यावर नीट बसल्या.